बिसेसर काकाचं द्वारदर्शन

बसा ताई. त्या खुर्चीवर नका, तिचा एक पाय आखूड आहे, इकडं दिवाणावर बसा. बाकीची मंडळी यायला अजून तासभर आहे. तुम्ही नवीन, तुम्ही दिलेल्या वेळेवर आल्या, इथं वेळेवर कोणी येत नाही. तेवढ्यात मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. आपल्या नावाड्याच्या सिरीजची नाही, ती तुम्ही पाहिलेलीच आहे. दीपमाला म्हणाली, बँकेतल्या आमच्या नव्या ताईंनी आठही भाग दोन रविवारात संपवले आन ग्रुपवर एवढं लांब मत लिहिलं की वाचता वाचता तिचा चहा उतू गेला. मला ते पुरतं वाचता आलं नाही, मी चौथीतून उठलेलो माणूस. तिनं वाचून दाखवलं. चांगलं होतं, पण त्यातल्या नावाड्याला, बिसेसर काकाला, तुम्ही हट्टी म्हणालात ते मला पटलं नाही, त्यावर मागून भांडू. आत्ता सांगतो ती गोष्ट ह्या दाराची आहे, हेच दार, तुम्ही आत्ता ज्यातून आलात. आन माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची. ती आज येणार आहे, धुळ्याहून गाडी पकडल्याचा फोन आला, म्हणून ती यायच्या आत सांगून टाकतो. झालं असं की गेल्या थंडीत, बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, मी ह्या दाराच्या आतल्या बाजूला उभा राहून माझ्या स्वतःच्या मरणाचं रडणं ऐकलं. सगळं ऐकलं. मध्ये कडी काढायला हात वर गेला होता, तो तसाच वर राहिला, आन मी काढली नाही.

का काढली नाही ते सांगायचं तर मागून यावं लागेल. माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, भरिताचा. थंडीचे चार महिने, दिवसाला वीस-पंचवीस किलो वांगी. मागच्या अंगणात तुरीच्या काड्या पेटवतो, वर वांगी लावतो, एकेक वांगं हातानं फिरवतो, मग सोलून बडगीत ठेचतो. बडगी म्हणजे लाकडाची खोलगट कुंडी, ती बघा कोपऱ्यात. ह्या कामात डोळे गुंततात, हात गुंततात, कान मोकळे राहतात. तर माझ्या कानाला पंचवीस वर्षं हेमलताचा आवाज होता. माझी बायको. ती इथं, ह्या खोलीत टीव्ही लावून बसायची आन मी तिथं मागं धुरात, मधलं दार उघडं. टीव्हीतले लोक काय बोलले ते मला धड ऐकू यायचं नाही, पण हेमलता त्यांना काय बोलली ते ऐकू यायचं. 'अगं तुला डोळे आहेत का खाचा, तो फसवतोय तुला.' 'असा बाप असल्यापरीस नसलेला बरा.' 'आता रडते? तेव्हा कुठं गेली होती अक्कल?' मी तिकडून ओरडून विचारायचो, काय झालं गं. ती म्हणायची, तुला काय करायचं, तू वांगी भाज. आन मग पाच मिनिटांनी स्वतःच पदरानं धूर वारत मागं यायची आन सगळं सांगायची, वर तिचं मत सांगायची. मी मुद्दाम उलटं बोलायचो. सासूची बाजू घ्यायचो. ती चिडायची, हातातलं वांगं उलटं टाकायची, आन जाताना म्हणायची, तुमच्या घराण्यालाच माणसाची पारख नाही. पंचवीस वर्षं. आम्ही दोघं आमच्याबद्दल फार बोललो नसू, ताई. पण टीव्हीतल्या लोकांबद्दल एवढं बोललो की आता वाटतं ते आमच्याबद्दलच होतं.

ती करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेली. चैत्रात. दवाखान्यातूनच नेली, चार माणसं, त्यात दोन अनोळखी. मी घरी आलो, टीव्हीवर तिचा चष्मा होता. त्याचं काय सांगायचं, सगळ्यांच्याच घरी झालं. पण आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही दुसऱ्या मुलखातल्या. आमच्याकडं ज्याच्या घरचं माणूस गेलं तो स्वतः फोन करत नाही. दुसरं कोणी कळवतं, शेजारी, भाऊबंद. आन ज्याला कळलं तो उलटा फोन करून विचारत नाही की खरं आहे का, कसं झालं. तो उठतो आन येतो. दारावर येतो. बाया गल्लीच्या तोंडापासून रडत येतात, गेलेल्याचं नाव घेऊन, त्यानं काय काय केलं ते मोठ्यानं सांगत. मग उंबऱ्याशी बसायचं, पाणी प्यायचं, उठून जायचं. बास. ह्याला पत्रिकेत द्वारदर्शन छापतात. एवढं केलं की नातं राहिलं, नाही केलं की संपलं. त्या साली कोणीच येऊ शकत नव्हतं, ते मला कळत होतं. पण ज्याला त्याला फोन होता. साक्रीचे आले, शिरपूरचे आले, फैजपूरच्या केळीवाल्याचा आला ज्याला हेमलतानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आक्काचा आला नाही. माझी एकच बहीण, पिंपळनेरला दिलेली, आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिचा नाही आला. जूनमध्ये रस्ते उघडले, मी रोज ह्या दाराकडं बघायचो. जुलै गेला. मग मी बघणं सोडून दिलं. सोडलं म्हणजे काय, बघायचो पण म्हणायचो की बघत नाही. चार वर्षं मी तिला फोन केला नाही, तिनं मला केला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, मला बहीण नाही. असं बोलताना जिभेला कडू लागतं, जळक्या वांग्याच्या सालासारखं, पण बोलायचो.

घरात माणूस नाही ह्याची सवय होते. घरात मत नाही ह्याची होत नाही. टीव्ही लावायचो, मागं वांगी भाजायचो, आन इकडून नुसते टीव्हीतले लोक बोलायचे, त्यांना कोणी काही म्हणायचं नाही. एकदा तर मी मागून ओरडलो, काय झालं गं. मग हातातला चिमटा खाली ठेवून तसाच बसून राहिलो, वांगं एका बाजूनं कोळसा झालं. पुढं राकेशनं मला हे मोबाईलवरचं शिकवलं. राकेश म्हणजे चौकातला बॅनरवाला, आत्ता येईलच, लग्नाचे, वाढदिवसाचे, निधनाचे सगळे बॅनर तोच करतो, आन दुकानात दिवसभर सिरीजा चालू. तो भरीत न्यायला यायचा. म्हणाला, आधारनाना, ही नावाड्याची सिरीज पाहा, तुमच्यासारखाच एक खडूस आहे तिच्यात. मी पाहिली. आता तुम्हाला काय सांगू, गावात पूल झालेला, सगळे पुलावरून जातात, आन हा बिसेसर काका रोज सकाळी रिकामी नाव घेऊन ह्या काठावरून त्या काठाला जातो आन परत येतो. बायको काठावर उभी राहून त्याला शिव्या घालते. रोज. मला वाटलं, ही आमची बाई तिथं कशी गेली. मी पहिला भाग तीनदा पाहिला, नुसत्या शिव्या ऐकायला. मग राकेशच्या ग्रुपवर मला घेतलं. मला लिहिता येत नाही म्हणून मी बोलून पाठवायचो, पाच-पाच मिनिटं, मागं काड्यांचा कडकड आवाज. लोक ऐकायचे. दीपमाला ऐकायची, ती मेहरूणच्या शाळेत शिकवते. एसटीतून रिटायर झालेले तोताराम भाऊ ऐकायचे आन उलटं बोलायचे. तोताराम भाऊंचं मत काय, तर बायकोच चुकली, तिनं एक दिवस नावेत बसायला पाहिजे होतं. मी म्हणायचो, भाऊ, तुम्ही जन्मभर गाडीत बायकोला फुकट बसवलं म्हणून तुम्हाला तसं वाटतं. ते म्हणायचे, पास होता, फुकट नव्हतं. दोन दिवस त्यावर चालायचं. मग ठरलं की रविवारी दुपारी माझ्याच घरी बसायचं, मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून एक भाग पाहायचा, आन मग एकेकानं मत मांडायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही. मध्ये सगळेच बोलतात. पण घरात आवाज आला ताई. कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, तुला पारख नाही माणसाची, आन मी मागं चहा टाकत होतो, माझ्या हातून साखर दोनदा पडली.

आठव्या भागाला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पूर, पुलावरून पाणी, आन म्हातारा नाव घेऊन निघतो त्या पलीकडं अडकलेल्या मास्तरणीला आणायला. सकाळी नाव एकटी काठाला लागते. बायको येते, उभी राहते, आन पहिल्यांदा गप्प बसते. इथं ह्या खोलीत आम्ही सात माणसं होतो. तोताराम भाऊंनी टोपी काढली. दीपमाला म्हणाली, असं नाही चालणार, आपला माणूस गेला, आपण काहीतरी करू. मग राकेश म्हणाला, दारावर बसू या का काकाच्या, पुढच्या रविवारी, सगळे पांढरे कपडे घालून. थोडं हसण्यावारी, थोडं नाही. मी म्हणालो बसू, माझ्याकडं बसू, पिठलं-भाकरी करतो. राकेश पोरगा कामाचा, त्यानं त्याच रात्री निधन वार्ता बनवली, जशी तो सगळ्यांची बनवतो, काळी चौकट, कोपऱ्यात दोन पणत्या, मधी काकाचा फोटो हार घातलेला. खाली, 'द्वारदर्शन आधार सुकलाल यांच्या राहत्या घरी, पिंप्राळा, जळगाव.' शोकाकुल म्हणून माझंच नाव पहिलं, कारण मत सगळ्यात लांब माझं असतं. आन ग्रुपवर टाकली. मी पाहिली, मला आवडली. मला एकदाही वाटलं नाही ताई, की जगात दुसरे लोकही आहेत, ज्यांनी ती सिरीज पाहिली नाही. कोणी कुठं पुढं पाठवली, कोणी आपल्या फोनवर लावली, सोमवारी ती धुळ्याला होती, मंगळवारी संध्याकाळी पिंपळनेरला, आक्काच्या शेजारणीच्या मोबाईलवर.

आक्काला वाचता येत नाही. शेजारीण वाचायला लागली ती खालून, कारण लोक आधी घर कोणतं ते बघतात. आधार सुकलाल, जळगाव, एवढं ऐकलं आन आक्का उठली. फोटो तिनं पाहिला, हे तिनं मला मागून सांगितलं. डोक्याला गमछा बांधलेला म्हातारा, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तिला वाटलं, चार वर्षांत माझा भाऊ असा झाला. मी त्या नटासारखा दिसत नाही, बघा तुम्हीच. पण ती त्या फोटोकडं बघून म्हणाली, बाई बाई, ह्याला जेवायला कोणी घालत नव्हतं का. रीत म्हणून तिनं फोन केला नाही, कोणाला विचारलं नाही. पहाटे भाकरी थापल्या, पिठलं डब्यात घातलं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही, आन पहिल्या गाडीनं निघाली. धुळ्याला गाडी बदलली. पारोळा, एरंडोल, अख्ख्या वाटेत कोणाशी बोलली नाही. आन इथं गल्लीच्या तोंडाशी उतरली तशी तिनं आवाज काढला.

मी मागं होतो. लग्नाच्या हळदीची ऑर्डर, सोळा किलो, अर्धी वांगी विस्तवावर. आधी वाटलं गल्लीत कोणी गेलं. असं रडणं ऐकलं की पाय आपोआप पुढं येतात, म्हणून मी ह्या खोलीत आलो. 'मना भाऊ रे... मना आधार रे...' आता आधार नावाचा गल्लीत मी एकटा. मी कडीला हात घातला. 'बहीननी वाट ना देखता गया रे...' आन आवाज मला ओळखू आला. चार वर्षं ऐकला नव्हता, पण त्याच्या आधी तो आवाज मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकलेला. ती दाराच्या पलीकडं उंबऱ्याशी बसली, बसल्याचा आवाज आला, बांगड्या फरशीला लागल्या. 'तुले कडवर लई कापूस वेचा रे. तुनासाठे मी शाया सोडी रे. बोरं तुले दिधात, आठळ्या मी चोखनू रे.' ते खरं होतं ताई, माझ्यापायी तिनं शाळा सोडली, बोरांचा गर मला आन बिया तिला. ती नऊ वर्षांची असेल आन मी दोन. तिच्या कडेवर बसून मी कापसाची बोंडं ओढायचो, तिच्या मानेला घामाचा आन कापसाच्या झाडाचा एक वास होता, तो मला तिथं, बंद दाराच्या आत, वांग्यांच्या धुरातून आला. माणसाला स्वतःबद्दल एवढं ऐकायला मिळत नाही. जिवंतपणी कोण म्हणतं. मला वाटलं, उघडलं की हे थांबेल. मला वाटलं, अजून एक वाक्य. मी चोरासारखा उभा होतो स्वतःच्या घरात, हात वर, कडीला बोट लावलेलं. आन मग ती म्हणाली, 'हेमलता गई तवय बी माले कोनी सांगं नही रे. आते तू गया.' आन मग मला सोडून ती हेमलतालाच बोलायला लागली, जशी समोर बसली आहे. 'हेमलता वं, दर साल तू माले बिबडा धाडे वं. त्या साल उनात नहीत. मी म्हनू रुसनी व्हई. मी वाट देखत बठनू वं, माले काय माहीत तू नही शे.'

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. हेमलता उन्हाळ्यात करायची, गच्चीवर वाळवायची, ते मला माहीत होतं. आक्काला पाठवायची हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं. कोणाबरोबर पाठवायची, कधी, सोबत काय निरोप द्यायची. माझ्या डोळ्यासमोर एकदम एक बाई आली, जी मी पाहिलेली नाही, ती दुपारी मी बाजारात असताना डबा बांधते, पदर खोचून स्टँडवर जाते, ड्रायव्हरला सांगते, पिंपळनेरला द्या हो, आमच्या आक्काला. ती हेमलताच होती, पण ती माझ्याकडची नव्हती. ती आक्काकडची होती. आन मला वाटलं, हिच्याकडं अजून असेल. माझ्याकडची संपत आली, पंचवीस वर्षांतली तीच तीच मी फिरवून पाहिली, झिजली. हिच्याकडं नवी आहे, न वापरलेली. आन मी चार वर्षं म्हणत होतो की मला बहीण नाही. तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी समजलो कोणीतरी कळवलं, तो कोणीतरी समजला दुसऱ्यानं कळवलं, आन तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. महिन्याभरानं तिला बाजारात कोणीतरी सहज सांगितलं, आन तिला वाटलं भावानं मुद्दाम टाळलं, हे मला मागून तिच्या शेजारणीकडून कळलं. एवढंच. एवढ्याशावर चार वर्षं. मागं वांगी फुटत होती, एकेक वांगं शीळ घालून फुटतं आग जास्त झाली की, मला ऐकू येत होतं आन मी जात नव्हतो. गल्ली गोळा झाली होती. कोणीतरी म्हणत होतं, अहो आक्का, अहो ऐका तरी. ती ऐकत नव्हती. रडणाऱ्या बाईला कोणी थांबवत नाही. मग मीच कडी काढली.

ती वर बघत होती. मी खाली बघत होतो. तोंडाला काजळी, हातात चिमटा. मग तिनं माझं धोतर धरलं, कापड खरं आहे का बघावं तसं, आन हळूच म्हणाली, 'तू जित्ता शे?' मी म्हणालो, हो आक्का. तिनं तोंड पुसलं. पाणी मागितलं. आख्खा तांब्या प्यायली. आन मग तो प्रश्न आला, ज्याची मला दार उघडायच्या आधीपासून भीती होती. 'मंग मरनं कोन?'

ताई, मी आयुष्यात खोटं फार बोललो. गिऱ्हाईकाला कालचं वांगं आजचं म्हणून दिलेलं आहे. पण त्या वेळेला माझ्या तोंडात खोटं तयार होईना. शेजारचं कोणी म्हणावं तर शेजारी सगळे समोर उभे. खरं सांगावं, की टीव्हीतला एक माणूस मेला आन आम्ही सात शहाण्यांनी त्याचं सुतक पाळायचं ठरवलं, तर ही उठेल, डबा उचलेल, आन ह्या दाराला पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही. चार वर्षांच्या रागाला एक कारण खोटं निघालं तोवर मी तिला दुसरं खरं द्यायला निघालो होतो. एकसष्ट वर्षांची बाई, पाच तास एसटीत, उपाशी. आन मला काय वाटलं सांगू, एक क्षण वाटलं म्हणावं, हेमलता. हेमलता गेली आक्का. आजच गेली. म्हणजे आपण दोघं इथं बसू आन नीट, पहिल्यापासून रडू. जिभेपर्यंत आलं होतं. पण नाही आलं बाहेर. मी म्हणालो, एक नावाडी होता. ती म्हणाली, 'कोन नावाडी?' मी म्हणालो, टीव्हीतला. कोणीतरी मागं फिस्सकन हसलं. आक्कानं मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की तो गल्लीतून गेलाच. मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली बसलो तिच्या शेजारी, उंबऱ्यावर, लहानपणी मार खायच्या आधी बसायचो तसा.

ती उठली नाही. तिनं डब्याची गाठ सोडली. म्हणाली, 'पहिले जेव. कसा वाळी गया.' मी जेवलो. पिठलं गार होतं, वाटेत घट्ट झालेलं. ती बघत होती, मी घास किती मोठा घेतो ते. ताटलीत एक भाकर उरली तेव्हा म्हणाली, 'इतली रडनू मी. कोनासाठे रडनू, तो तरी दखाड.' मग मी टीव्ही लावला. ती खाली भिंतीला टेकून बसली, मी पहिल्या भागापासून लावलं, हिंदी बोलणं तिला अर्धं कळत होतं, अर्धं मी सांगत होतो. नावाड्याची बायको काठावर आली आन तिनं शिव्या सुरू केल्या, तशी आक्का सरळ झाली. दहा मिनिटांनी टीव्हीकडं हात करून म्हणाली, 'मायबाई, इले कोनी सांगा रे, तो नाव रिकामी नही लई जात. तो इलेच लई जास रोज.' मी उठून मागं गेलो. वांग्यांचा कोळसा झालेला, विस्तव विझत आलेला. तिथं उभा राहून मी डोळे पुसले, धुराचं निमित्त होतं, धूर नव्हता.

त्या हळदीच्या लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या, ते सोडा. आक्का चार दिवस राहिली, रविवार करून गेली. आमची मंडळी पांढरे कपडे घालून आली आन आत बघतात तर खरीच रडलेली बाई बसलेली. राकेशनं तर तिच्या पाया पडून माफी मागितली. ती म्हणाली, 'पोऱ्या, फोटो चांगला लायना व्हता.' आता महिन्यातून एका रविवारी येते. ग्रुपवर नाही ती, पण तिचं मत सगळ्यांत जड. तो दुसऱ्या सीझनचा तुकडा आला ना, ज्यात धुक्यात कोणीतरी वल्हं मारताना दिसतं, त्यावर आमच्यात दोन तट पडले. तोताराम भाऊ म्हणतात काका जिवंत आहे, बॉडी कुठं मिळाली. दीपमालाही तेच म्हणते. आक्का म्हणते, 'तो मरनाच. मी त्याना दारवर जाई वनू.' तोताराम भाऊ म्हणाले, आक्का, तुम्ही तर आधारच्याही दारावर येऊन गेल्या, तो कुठं मेला. तेव्हापासून ती त्यांना चहा देत नाही, आन ते तिच्या हातचाच पाहिजे म्हणून बसून राहतात.

सगळं चांगलं आहे ताई. एकच गोष्ट नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आक्कानं हेमलताचं नाव घेतलेलं नाही. मीही नाही. रडताना निघालं ते निघालं, दार बंद होतं तेव्हा. दार उघडल्यावर नाही. आम्ही नावाड्याच्या बायकोबद्दल बोलतो, तासन्‌तास बोलतो, ती कशी चिडते, कशी डबा बांधते, नवरा गेल्यावर कशी काठावर जायची थांबते. आक्का म्हणते, अशी बाई मी एकच पाहिली. आन थांबते. मी म्हणतो, हं. आन थांबतो. पुढचं तोंडाशी येतं, दोघांच्याही, आन मग कोणीतरी भाग पुढं चालू करतं. मी विचारलं तर ती रडेल, ती रडली तर मी रडेन, आन मग तिला वाटेल मी चार वर्षांचा हिशोब मागतो, मला वाटेल ती मागते. भाऊ-बहिणीत असं एकदा झालं आहे, पुन्हा कसं करू. पण तिच्याकडं ती दुसरी हेमलता आहे, बिबड्यांची, स्टँडवरची, मला न सांगणारी. आक्का एकसष्टची. मी काही लहान नाही. ती बाई कोणी बाहेर काढली नाही तर ती आक्काबरोबरच जाईल, आन मला ती कधी भेटणार नाही.

तो रिक्षाचा आवाज आला, तीच असेल. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला काही माहीत नाही असं धरून चालता येतं. मी चहा टाकायला मागं जाईन, मधलं दार उघडं ठेवीन, गॅस बारीक ठेवीन म्हणजे आवाज होणार नाही. तुम्ही इकडं तिच्याजवळ बसा, आन सहज, काही बोलायचं म्हणून बोलावं तसं, एवढं विचारा तिला ताई, की तुमची भावजय कशी होती.